अमेरिकेतून कायमचं परत जातोय, घरातलं काय काय पुण्यात चालेल?

एडिसन_ते_औंध:

नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये गाशा गुंडाळून पुण्यात येतोय, मी, बायको आणि दोन पोरं. न्यू जर्सीतल्या घरात इतक्या वर्षांत जे काही साठलंय ते बघून आता डोकं गरगरतंय. अख्खा कंटेनर करायचा नाही एवढं पक्कं आहे, बॅगा आणि थोडे खोके समुद्रमार्गे, बस. त्यामुळे रोज रात्री जेवणं झाली की घरात एकच वाद, हे न्यायचं का विकायचं.

तर सामान असं: इन्स्टंट पॉट, इथल्या देसी दुकानातून घेतलेला ११० व्होल्टचा मिक्सर, केकसाठीचा मोठा स्टँड मिक्सर, ६५ इंची टीव्ही, मायक्रोवेव्ह, बायकोचा हेअर ड्रायर, झाडू मारणारा रोबो, राउटर आणि केबल मोडेम, पोराचा पीएस फाइव्ह, किंडल, लॅपटॉप, दोन आयफोन (एकाचे हप्ते अजून चालू आहेत). कपडे वाळवायचा ड्रायरपण आहे, तो २४० व्होल्टचा आहे म्हणून मला वाटतंय तो तरी चालेल, पुण्याच्या पावसाळ्यात बरा पडेल.

मेहुणा म्हणतो एक युनिव्हर्सल अडॅप्टर घे, सगळं चालतं. शेजारचे काका म्हणतात काही म्हणजे काही नेऊ नका, सगळं जळतं. दोघंही तितक्याच ठामपणे सांगतायत. आणि दुसरा भाग सॉफ्टवेअरचा, ऑफिस, ॲपलचं अकाऊंट, पोराचे गेम्स, हे सगळं इथे पैसे देऊन घेतलेलं तिकडे उघडेल ना? कोणी नुकतं परत गेलं असेल तर सांगा प्लीज.

वायरमन_काका:

अहो, मेहुण्यांनाही बाजूला ठेवा आणि शेजाऱ्यांनाही. हातात टॉर्च घ्या आणि एकेक वस्तू उलटी करा. खाली किंवा चार्जरच्या ठोकळ्यावर मुंगीच्या अक्षरात इनपुट अशी एक ओळ असते. तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालते, फक्त पिन बदलायची. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर ती आपल्या २३० व्होल्ट ५० हर्ट्झवर सरळ लावायची नाही. एवढंच बघायचं असतं, बाकी ब्रँड कुठला, किंमत किती, दुकानदार काय म्हणाला ह्याला काही अर्थ नाही.

युनिव्हर्सल अडॅप्टर नावाचा जो प्लास्टिकचा डबा मिळतो तो फक्त पिनांचा आकार बदलतो, आतून व्होल्टेज आहे तेवढंच येतं. लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लॅपटॉपला तो लावला, झकास चाललं, मग त्याच विश्वासाने हेअर ड्रायर लावला की संपलं.

आता इन्स्टंट पॉट. तापणाऱ्या वस्तूची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. म्हणजे १२० व्होल्टला जो १००० वॉट घेतो त्याला तुम्ही २३० दिलेत तर तो साडेतीन हजार वॉटच्या पुढे जायला बघणार, आणि आमचा एमसीबी पडायच्या आत त्याचं आतलं कार्ड उडालेलं असणार. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मरवर (व्होल्टेज उतरवून देणारा डबा) चालतो, नाही असं नाही, पण १००० वॉटच्या पॉटला निदान १५०० व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची ताकद व्हीएत मोजतात) तरी हवा, जमलं तर २०००. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतील, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तो ट्रान्सफॉर्मर वजनाने पॉटपेक्षा जड, दिवसभर ओट्यावर गुणगुणत बसणार, आणि रिकामा चालू ठेवलात तरी थोडी वीज खाणार. वरणभातासाठी एवढा संसार कोणी मांडू नये असं माझं मत. आणि प्रवासासाठी म्हणून जे हलके स्वस्त कन्व्हर्टर मिळतात ते तर बोर्ड असलेल्या कुठल्याच वस्तूला लावू नका, ते करंट कापून कापून देतात, इलेक्ट्रॉनिक्सला ते सोसत नाही.

मायक्रोवेव्ह विसरा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही बदलत. ६० हर्ट्झसाठी केलेला आतला जड ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, आणि ज्यांचं घड्याळ विजेच्या हर्ट्झवर चालतं त्यांचं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. सकाळी सातचा डबा करायला उठणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही :)

कपड्यांच्या ड्रायरचं तुमचं गणित चुकतंय. अमेरिकेत २४० म्हणजे १२०-१२० च्या दोन गरम वायरी आणि मधे न्यूट्रल. आतला हीटर २४० वर चालतो पण मोटर आणि कंट्रोल बहुतेक मशिनात १२० वर, तेही ६० हर्ट्झ. आपल्याकडे एक फेज २३० आणि एक न्यूट्रल, ती रचनाच वेगळी. विकून टाका, पावसाळ्यात गॅलरीत दोरी बांधा.

मस्कतकर:

आम्ही मस्कतवाले ह्या बाबतीत नशीबवान, तिकडेही ५० हर्ट्झ आणि व्होल्टेज आपल्यासारखंच, त्यामुळे मस्कतहून चिपळूणला आणलेला ओव्हन, इस्त्री, सगळं निमूट चालतं. इंग्लंडहून येणाऱ्यांचंही तेच. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, ती चौकोनी तीन पिनांची टॉप १३ अँपिअरची असते आणि किटली बऱ्याचदा ३००० वॉटची. लोक अडॅप्टर लावून ती आपल्या छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटला खुपसतात, मग सॉकेट पिवळं पडतं, वास येतो, आणि नाव किटलीचं. ती मोठ्या १६ अँपिअरच्या पॉवर प्लगलाच लावायची, आणि सरळ टॉप कापून आपली बसवायची, पन्नास रुपयांचं काम. कापताना फक्त हे ध्यानात असू द्या की त्यांच्या टॉपमध्ये फ्यूज असतो, आपल्या टॉपमध्ये नसतो.

नॅशुआची_अनघा:

आम्ही दोन वर्षांपूर्वी परत आलो, बाणेरला. काका म्हणतायत ते अगदी बरोबर, पण मी एक वेगळं सांगते. ११० व्होल्टचा मिक्सर आणू नका म्हणून सांगायची गरज नाही, तो विकायला काढा, तासाभरात जातो. तिकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक मराठी घराला नेमका तोच हवा असतो, कारण आईने प्रेमाने बॅगेत घालून दिलेला पुण्याचा मिक्सर तिकडे १२० व्होल्टवर नुसता हुं हुं करतो, ओलं खोबरंसुद्धा वाटत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आमचा तर चटणीच्या भांड्यासकट गेला आणि घेणारी मुलगी वर डबाभर चकल्या देऊन गेली.

टीव्हीबद्दल. आधी मागचं लेबल बघा, तिकडच्या बऱ्याच टीव्हींवर नुसतं ११०-१२० असतं. समजा १००-२४० निघालं तरी पुढचे प्रश्न आहेतच. आतला ट्यूनर एटीएससी, म्हणजे तिकडच्या प्रसारणाच्या पद्धतीचा, तो इथे निरुपयोगी, त्याचं तसं काही नाही कारण इथे सगळं सेट टॉप बॉक्सवर किंवा नेटवर बघतात, एचडीएमआय सगळीकडे सारखंच. पण टीव्हीतली ॲप्स अमेरिकेच्या दुकानातली, तिथे आपली काही ॲप्स सापडतच नाहीत, मग बाहेरून स्टिक लावा. पॅनल फुटला तर इथे वॉरंटी नाही आणि पार्टही मिळत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कस्टम्स. फ्लॅट पॅनल टीव्हीची ड्युटी-फ्री सवलत सरकारने २०१३ च्या ऑगस्टमध्येच काढली, त्याआधी लोक दुबई-बँकॉकहून विमानात टीव्ही घेऊन यायचे ते आठवत असेल. तुम्ही ट्रान्सफर ऑफ रेसिडन्समध्ये (कायमचं परत येणाऱ्यांसाठीची कस्टम्सची सवलत) बसाल तर त्याचे नियम वेगळे आहेत, आणि हे सगळे आकडे बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर स्वतः वाचा, फेसबुकवरच्या कोणाच्या पोस्टवर जाऊ नका. ६५ इंची टीव्ही इथे सेलमध्ये काय भावाने मिळतो ते एकदा बघा म्हणजे वाद मिटेल.

लॅपटॉप माणशी एक, अठरा वर्षांवरच्याला, ड्युटी न देता आणता येतो, तो हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँकही हातातच, चेक-इनमध्ये नाही.

पण स्टँड मिक्सर मात्र मी आणला आणि आणल्याचा आनंद आहे. काका रागावतील, पण १००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेतलाय, कपाटाच्या खालच्या खणात ठेवलाय, केक आणि ब्रेड करायच्या दिवशीच चालू करते. बाकी काही त्यावर लावत नाही.

वायरमन_काका:

अनघाताई, रागावू कशाला, ते तुम्ही बरोबरच केलंत. तो मिक्सर तीनशे-साडेतीनशे वॉटचा असतो आणि त्यात कार्बन ब्रशवाली मोटर असते, तिला हर्ट्झशी काही देणंघेणं नाही. १००० व्हीए भरपूर झाला. महाग वस्तू, कमी वॉट, कधीतरी वापर, असं तिन्ही जुळत असेल तर ट्रान्सफॉर्मर घ्यावा. रोज लागणारी, तापणारी वस्तू असेल तर इथलीच नवीन घ्यावी. त्या केस सेट करायच्या महागड्या यंत्रांनाही आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ती ट्रान्सफॉर्मरवरही बऱ्याचदा नाटकं करतात, त्यांच्या नादी लागू नका. हेअर ड्रायर प्रवासी असेल तर बाजूला १२०/२४० चा एक बारका स्विच असतो, नाण्याने फिरवायचा. तो २४० वर करूनच लावायचा, आणि मग कोणा पाहुण्याने परत फिरवू नये म्हणून वर चिकटपट्टी लावा.

एडिसन_ते_औंध:

काका, अनघाताई, खूप खूप आभार. काल रात्री आम्ही दोघं टॉर्च घेऊन अख्खं घर पालथं घातलं, पोरांना वाटलं काहीतरी हरवलंय.

निकाल असा. पीएस फाइव्ह १००-२४०, राउटरचा अडॅप्टर १००-२४०, किंडलचा चार्जर आणि लॅपटॉपपण. इन्स्टंट पॉट १२०, मिक्सर १२०, मायक्रोवेव्ह १२०, टीव्हीवर ११०-१२० (बायकोचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण टीव्ही न्यायचाच हा माझा हट्ट). रोबोची गंमत म्हणजे रोबोवर बॅटरीचे व्होल्ट लिहिलेत आणि त्याच्या डॉकखाली, म्हणजे तो चार्ज व्हायला जिथे जाऊन बसतो त्याखाली, १२० लिहिलंय. मग आता रोबो चालेल असं धरायचं का नाही? आणि त्या सॉफ्टवेअरच्या भागावर अजून कोणी काही बोललं नाही.

वायरमन_काका:

डॉकवर जे आहे ते खरं, भिंतीला तोच लागतो. त्याच मॉडेलचा २२०-२४० वाला डॉक इथे मिळत असेल तर रोबो आणा, नाहीतर सोडा.

सदाशिव_पेठेतला_कोडर:

सॉफ्टवेअरवर मी लिहितो, कारण मिक्सर जळला तर नवा येतो, पण अकाऊंट अडकलं की माणूस महिनोन्महिने कस्टमर केअरशी भांडत बसतो. लोक सामानाच्या याद्या करतात आणि हे विमानतळावर आठवतं.

सगळ्यात आधी फोन. हप्ते चालू असलेला फोन बहुतेक वेळा कंपनीच्या सिमला लॉक असतो, तो फेडून अनलॉक करूनच निघा, इथून ते करणं म्हणजे रात्री दोनला उठून चॅट करणं. आयफोन १४ पासून पुढचा अमेरिकन मॉडेल असेल तर त्यात सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम. इथे जिओ, एअरटेल, वी (व्होडाफोन-आयडिया) तिघंही ई-सिम देतात तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण तुमचं जुनं भारतातलं सिम प्लास्टिकचं असेल तर ते बदलून घ्यावं लागेल, आणि सिम बदललं की सुरुवातीचे २४ तास एसएमएस बंद असतात, फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियमच आहे. म्हणजे ओटीपी नाही, यूपीआय चालू करायला जो एसएमएस जावा लागतो तोही नाही. तर हे काम घरभाड्याचं डिपॉझिट भरायच्या दिवशी काढू नका. पाकिस्तानात परदेशातला फोन सरकारदरबारी नोंदवून टॅक्स भरावा लागतो नाहीतर काही दिवसांनी नेटवर्क तोडतात, तसलं लफडं आपल्याकडे नाही.

अँड्रॉइडवाल्यांना जादाची सूचना, जिओकडे टू-जी थ्री-जी काही नाहीच, कॉलसुद्धा फोर-जी नाहीतर फाइव्ह-जीवरूनच जातो. बाहेरच्या फोनमध्ये जिओवर असा कॉल करायची सेटिंग नसेल तर नेट धो धो चालतं आणि फोन मात्र लागत नाही, मग लोक म्हणतात सिम खराब आहे. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा.

अमेरिकन नंबर सोडू नका. परत वाचा, सोडू नका. तिकडची बँक, रिटायरमेंटचं खातं, टॅक्स, सगळ्यांचे ओटीपी त्या नंबरवर येणार पुढची कित्येक वर्षं. एकतर सगळ्यात स्वस्त प्लॅनवर टाकून वायफाय कॉलिंग चालू करून आणा, किंवा गूगल व्हॉइसवर पोर्ट करा, त्याला २० डॉलर लागतात आणि ते तिकडे असतानाच उरकायचं. काही बँका गूगल व्हॉइसच्या नंबरला ओटीपी पाठवत नाहीत म्हणून मी स्वतः स्वस्त प्लॅनच्या बाजूने आहे. आयफोन १३ पासून पुढे दोन ई-सिम एका वेळी चालतात, एक तिकडचं एक इकडचं.

आता ॲपलचं अकाऊंट. देश बदलायचा तर शिल्लक पैसे शून्य करावे लागतात, चालू सबस्क्रिप्शन संपावी लागतात, फॅमिली शेअरिंग असेल तर तेही आड येतं. अमेरिकेच्या स्टोअरवर आपली काही सरकारी आणि बँकांची ॲप्स दिसत नाहीत, त्यामुळे कधीतरी बदलणं भागच आहे. घाई नसेल तर मधला मार्ग असा की आयक्लाउड जुन्याच आयडीवर राहू द्या आणि फक्त ॲप स्टोअरच्या खात्यात भारताचा दुसरा आयडी टाका, फोटोंना धक्का लागत नाही. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातले वॉलेटचे पैसे तिकडेच राहतात, म्हणून गिफ्ट कार्डं आधी संपवा.

पीएस फाइव्ह यंत्र चालेल, गेमची डिस्क कुठल्याही देशातली चालते, पण प्लेस्टेशनच्या अकाऊंटचा देश एकदा पडला की पडला, तो बदलताच येत नाही. म्हणजे पोराचे डाउनलोड केलेले गेम उघडतील, पण नवीन घ्यायला अमेरिकेचं कार्ड नाहीतर अमेरिकेचंच गिफ्ट कार्ड लागेल. आणि इथे दुकानातून डिस्क घेतली आणि तिचं जास्तीचं कंटेंट अमेरिकन अकाऊंटवरून घेतलं तर ते जुळत नाही, पैसे गेले. पोराला आत्ताच सांगून ठेवा, नंतर रडारड होते.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वर्षभराचं भरलेलं असेल तर ते इथे संपेपर्यंत चालतं. आपोआप रिन्यू होणारं बंद करा आणि संपलं की अकाऊंटचा देश बदलून इथलं घ्या, इथे स्वस्त पडतं. विंडोजचं लायसन्स लॅपटॉपच्या बोर्डाला बांधलेलं असतं, त्याला देश नाही. कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह नसेल, इंग्लिश इंडिया लेआउट टाका, उजवा आल्ट आणि ४ दाबा, येतं. किंडलचा देश ॲमेझॉनच्या सेटिंगमध्ये बदलता येतो.

डीव्हीडींचा गठ्ठा असेल तर अमेरिकेच्या रीजन १ आणि आपला रीजन ५, इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाहीत. ब्लू-रेचंही तसंच, तिकडे ए आणि इकडे सी. प्लेअर तिकडचाच आणा, लेबल बघून.

केबल मोडेम फेकून द्या, इथे घरात फायबर येतं, त्याचा बॉक्स कंपनीच देते. राउटर आणा, त्याच्या मागे लावा.

तळजाई_ते_तोरणा:

सामानात अजून काय काय आहे ते माहीत नाही, पण ट्रेक करणारे असाल तर हे वाचा. तिकडे डोंगरात जाताना लोक सॅटेलाइट मेसेंजर घेतात, ते चपटं केशरी-काळं यंत्र, एसओएस बटनवालं. इथे ते परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, इरिडियम आणि थुराया ह्या दोन्ही सॅटेलाइट कंपन्यांचं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू बाईंना ह्याच यंत्रासाठी अडकवलं होतं, बातम्यांत आलं होतं. त्या बिचाऱ्या स्वतःच सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये काढून ठेवत होत्या. आपला पासपोर्ट कुठलाही असो, हरिश्चंद्रगडावर रेंज नाही म्हणून हे घेऊन येऊ नका.

ड्रोनपण नाही. तयार ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, संशोधन-संरक्षण वगैरे सोडून. विमानतळावर काढून घेतात. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी. तिकडच्या वॉकीटॉकीच्या जोड्या पण राहू द्या, त्यांची फ्रिक्वेन्सी इथे सर्वांना खुली नाही.

ओसाकाकर_सध्या_नाशिक:

अमेरिकेवाले ११०-१२० चं रडतात, आम्ही जपानवाले काय म्हणावं, तिकडे १०० व्होल्ट. आणि वरून एकाच देशात दोन हर्ट्झ. टोकियोने १८९५ मध्ये जर्मनीहून एईजीचे जनरेटर आणले ते ५० हर्ट्झचे, ओसाकाने पुढच्या वर्षी अमेरिकेहून जीईचे आणले ते ६० चे, आणि आजतागायत फुजी नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. म्हणून तिकडच्या वस्तूंवर ५०/६० दोन्ही लिहिलेलं असतं आणि माणूस ते बघून खूश होतो, पण व्होल्ट नुसते १००. इथे अमेरिकेसाठीचा २३० चा ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी जपानी राइस कुकरला तो थोडा जास्तच होतो. जपानहून येणाऱ्यांनी विमानतळावरच्या दुकानातला २२०-२४० चा एक्स्पोर्ट मॉडेल घ्यावा, त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. भात मात्र तसा कुठे होत नाही हे खरं, इंद्रायणीसुद्धा त्यात मोत्यासारखी फुलते.

एडिसन_ते_औंध:

वा, एवढं कुठेच एका जागी मिळालं नसतं. आमचं ठरलं असं: पॉट, मायक्रोवेव्ह, टीव्ही, ड्रायर विकायला काढलेत, मिक्सर खरंच पहिल्या तासात गेला (चकल्या नाही मिळाल्या). स्टँड मिक्सर येतोय, अनघाताई तुमच्या भरवशावर. फोनचे हप्ते फेडले. अमेरिकन नंबर ठेवतोय. पोराला प्लेस्टेशनचं सांगितलं, त्याने माझ्याकडे असं बघितलं की हे त्याला आधीच माहीत होतं.

शेवटचा एक प्रश्न, हा खरं महत्त्वाचा. माझे वडील आमच्याबरोबर येतायत, त्यांना झोपताना नाकाला लावायचं सीपॅप मशीन आहे, इथेच घेतलेलं. त्याच्या ठोकळ्यावर १००-२४० आहे. तरी मनात धाकधूक, रात्रभर चालणारी वस्तू आहे.

वायरमन_काका:

१००-२४० आहे म्हणजे चालणार, व्होल्टेजची काळजी सोडा. अडॅप्टर मात्र लावू नका, रात्रभर चालणाऱ्या वस्तूला डगडगणारा अडॅप्टर नको. ठोकळ्याच्या मागची वायर बहुतेक सुटी निघते, तशीच आपल्या पिनांची वायर तपकीर गल्लीत मिळेल, ठोकळा बरोबर घेऊन जा, भोक जुळवून घ्या, आणि आयएसआय छाप बघून घ्या. तीन पिनांची असेल तर ज्या सॉकेटला लावणार त्याला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

खरी काळजी लाइट जाण्याची. पुण्यातही पहिल्या पावसात रात्रीची जाते. घरी इन्व्हर्टर बसवणार असालच तर वडिलांच्या खोलीतला तो एक पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा, आणि प्युअर साइन वेव्हचा घ्या, स्क्वेअर वेव्हचा स्वस्त मिळतो तो असल्या मशीनला नको. मशीनमध्ये पाणी गरम करायची सोय असेल तर ती बॅटरी लवकर संपवते, लाइट गेल्यावर ती बंद ठेवायला वडिलांना शिकवून ठेवा. आणि मशीन, मास्क, डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं विमानात हातातल्या बॅगेत, समुद्रमार्गे अजिबात नाही.

नॅशुआची_अनघा:

आणि मास्कच्या उशा, फिल्टर वगैरे सहा महिन्यांचे जास्तीचे घेऊन या, इन्शुरन्समधून मिळतायत तोवर. इथे मिळतात पण नेमका तोच साइज शोधायला वेळ जातो. औंधला कुठे घेताय घर? आमच्या सोसायटीत एक टू-बीएचके रिकामा होतोय, मेसेज करते.